दीड पोतं अंगावर घेऊन चालणाऱ्या भावाला

भाऊ, तुम्ही लिहिलंय की वय 34, उंची 5 फूट 6 इंच, वजन 146 किलो. बीपीची गोळी चालू आहे, साखर बॉर्डरवर. जिमला दोन दिवस गेलात, तिथली पोरं हसली, तिसऱ्या दिवशी घरीच बसलात. दहा मिनिटं चाललं की धाप लागते आणि "एवढं उतरवायचं म्हटलं की सुरुवातच करू वाटेना". हे शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. माझंच आहे ते.

मी 51 चा, सोलापूरच्या मार्केट यार्डात कांद्याच्या अडतीवर दिवाणजी. तीन वर्षांपूर्वी 157 किलो होतो, आज 112 आहे. म्हणजे बारीक नाही झालो, डॉक्टरांच्या तक्त्यात अजून लठ्ठच आहे. पण लग्नात प्लास्टिकच्या दोन खुर्च्या एकात एक घालून बसावं लागत नाही, आणि बुटाची नाडी माझी मी बांधतो.

तेव्हा माझं खरं वजन मलाच माहीत नव्हतं. घरचा काटा 150 पर्यंतचा, त्यावर उभा राहिलो की नुसतं एरर. शेवटी एक दिवस लिलाव उरकल्यावर अडतीच्या काट्यावर चढलो. आमचा तोलार दिवसभर पोत्यांची वजनं खणखणीत आवाजात पुकारतो. त्या दिवशी त्यानं आकडा पुकारला नाही. काटा माझ्याकडे वळवला आणि दुसरीकडे बघत उभा राहिला. माझी सुरुवात तिथून झाली.

आता कामाचं. एवढं मोठं वजन म्हणजे सुरुवातही दणक्यात करायला पाहिजे, असं तुम्हाला वाटतंय. उलट आहे. तुमच्या उंचीच्या बेताच्या माणसापेक्षा तुम्ही 75-80 किलो जास्त घेऊन फिरता, म्हणजे कांद्याचं दीड पोतं. ते घेऊन पाच मिनिटं चालणं हा तुमच्यासाठी व्यायामच आहे, हसणाऱ्या त्या पोरांना तेवढी ताकद लावायला पळावं लागेल. नुसतं बसल्या जागीही जड शरीर जास्त इंधन जाळतं. म्हणून खाण्यात थोडा बदल केला तरी सुरुवातीला काटा पटकन हलतो. पहिल्या पंधरवड्यात जे जातं त्यात पाणी बरंच असतं हे खरं, पण हुरूप येतो. आणि 70 किलोचं स्वप्न आत्ता बघूच नका. वजनाच्या 5 ते 10 टक्के उतरलं तरी बीपी, साखर, गुडघे यांत फरक पडायला लागतो. तुमच्या बाबतीत ते 7 ते 15 किलो. एवढंच धरून चाला.

चालायला लागण्याआधी डॉक्टर. मला एका डॉक्टरांनी "तोंड बंद ठेवा" एवढं सांगून दोन मिनिटांत बाहेर काढलं होतं, त्यानंतर वर्षभर मी दवाखान्याची पायरी चढलो नाही. तसं करू नका, दुसरे डॉक्टर गाठा. खासगीचा खर्च झेपत नसेल तर सरकारी सिव्हिल हॉस्पिटल आहे. तीन महिन्यांची साखर, थायरॉईड, लिव्हर, कोलेस्टेरॉल, ईसीजी करून घ्या. बीपी मोजताना मोठा पट्टा मागा. जाड दंडाला लहान पट्टा बांधला की बीपी खोटंच जास्त दिसतं. आणि एक गोष्ट घरच्यांना विचारा: रात्री घोरता घोरता तुमचा श्वास मधेच थांबतो का? दुपारी हिशेब लिहिता लिहिता मी वहीवर डोकं टेकून झोपायचो, लोकांना वाटायचं आळशी आहे. तो झोपेतला श्वासाचा आजार निघाला. मशीन लावून झोपायला लागलो तेव्हा कुठे सकाळी उठावंसं वाटू लागलं. वजन कमी व्हायला लागलं की बीपीची गोळी कमी करावी लागू शकते, तेही डॉक्टरांनाच ठरवू द्या.

खाण्याबद्दल आपल्या सोलापूरकरांचा एक लाडका गैरसमज आहे, की ज्वारीची भाकरी कितीही चालते. आपली मालदांडी जातीची ज्वारी कितीही गोड लागली तरी कॅलरीत ज्वारी आणि गहू उन्नीस-बीस आहेत. कडक भाकरी तर पापडासारखी मोडत मोडत चार कधी संपतात कळतही नाही. शेंगा चटणीचंही तेच. 100 ग्रॅम शेंगदाण्यात साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात आणि आपण त्यावर वरून तेल घेतो. चटणी बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही, सोलापुरात राहून ते जमायचं नाही. एक चमचा घ्या आणि बरणी उचलून ठेवायला सांगा.

वेगळा 'डाएटचा' स्वयंपाक मागू नका, आठ दिवसांत घर वैतागतं. मी तेलाचा डबा धरला. आम्ही चौघं, महिन्याला 5 लिटर तेल लागायचं, म्हणजे माणशी रोज 40 मिलीच्या वर, साडेतीनशेच्या आसपास कॅलरी नुसत्या तेलाच्या. बायकोनं ते 3 लिटरवर आणलं, कुणाला चवीत फरक कळला नाही. दुसरं, यार्डातला चहा. दिवसाला सात कप व्हायचे, आता दोन. तिसरं, ताटात मटकी, हुलगे, अंडी नाहीतर घट्ट दही आधी, भाकरी मागून. एवढ्या तीनच गोष्टी मी पहिले चार महिने केल्या. त्याआधी एकदा नुसत्या काकडी-ताकावर 11 दिवस काढले होते. बाराव्या दिवशी मटणाच्या ताटावर जो बसलो, ते विचारू नका.

चालणं घरातच सुरू करा. दोन्ही जेवणांनंतर चार-चार मिनिटं, धाप लागायच्या आत थांबायचं. आठवड्याला एक-एक मिनिट वाढवा. मला सिद्धेश्वर तलावाच्या काठानं फिरायला जायला पाच महिने लागले. एप्रिल-मेमध्ये पारा 40 च्या वर असतो, तेव्हा सकाळी सातच्या आत उरकायचं. छातीत दाब, हात-जबड्यात कळ, एकाच पोटरीला सूज असं काही दिसलं तर व्यायाम बंद आणि थेट डॉक्टर.

कुणी सांगत नाही म्हणून सांगतो, मांड्या काचतात. चालणं सुटायला तेवढं पुरतं. आतून लांब सुती चड्डी घाला आणि व्हॅसलीन लावा. घडीत लाल चट्टे, खाज असेल तर मेडिकलवाल्याकडची ट्यूब स्वतःहून चोळू नका, बऱ्याचदा त्यात स्टेरॉईड असतं आणि गजकर्ण आणखी पसरतं.

वजन उतरवायच्या इंजेक्शनांचं विचारलंय. त्यातलं मौंजारो 2025 च्या मार्चमध्ये आपल्याकडे आलं. भूक खरंच कमी होते, पण मळमळ, बद्धकोष्ठता होऊ शकते, महाग आहे, आणि बंद केलं की वजन बहुतेकांचं परत चढतं. मी घेतलेलं नाही. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, 52 च्या आसपास येतो, त्यामुळे डॉक्टर इंजेक्शनाचं किंवा ऑपरेशनचं नाव काढतील. त्यात हार मानल्यासारखं काही नाही, नीट ऐकून घ्या. मोबाईलवर पावडरी विकणाऱ्यांचं मात्र ऐकू नका.

आणि "गड्डा (जानेवारीतली सिद्धेश्वराची जत्रा) होऊ दे मग बघू" हे आपलं जुनं दुखणं. गड्डा झाला की हुरडा, मग लग्नं, मग आंबे, मग गणपती. माझी तीन वर्षं अशीच गेली. सुरू केल्यावरही सरळ नाही गेलं. चौथ्या महिन्यात पाच आठवडे काटा हलला नाही, आणि वडील गेले त्या वर्षी 6 किलो परत चढले. तेव्हा मला सुतळीनं धरून ठेवलं. पोती शिवायची सुतळी पोटाभोवती गुंडाळून महिन्याला एक गाठ मारायचो. काटा थांबला होता त्या महिन्यातही गाठ दोन बोटं आत आली होती.

घरचा काटा भरवशाचा वाटत नसेल तर लिलाव उरकल्यावर यार्डात या, चहा बिनसाखरेचा मिळेल. तोलार अजून तोच आहे.