दादाच्या पानावर क्वार्टर ठेवायची का?

*मावशी, मी काळाचौकीचा, वय ३८. दहा बाय सोळाच्या खोलीत आई, वहिनी, १५ वर्षांचा पुतण्या आणि मी. दादा आणि मी वीस वर्षं एकत्र प्यायलो. गेल्या वर्षी तो गेला. लिव्हर. शेवटच्या रात्री त्याचे हात थरथरत होते. म्हणाला, "जा रे, आण." मी आणून दिली. पहाटे त्याला रक्ताची उलटी झाली. हे घरात कोणालाच माहीत नाही. पुढचे तीन महिने मी शुद्धीत नव्हतो. मग चाळीतल्याच दोघांनी मला उचलून व्यसनमुक्ती केंद्रात नेलं. आता आठ महिने झाले, प्यायलेलो नाही. दारूपासून लांब राहण्यासाठी अँटाब्यूजची गोळी चालू आहे, ए.ए.च्या, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या मीटिंगला जातो. पुढच्या महिन्यात दादाचं वर्षश्राद्ध आहे. काका म्हणतात, पानावर क्वार्टर ठेवायचीच, दहाव्याला ठेवली तेव्हाच कावळा शिवला. दादाचे मित्र म्हणतात, त्या दिवशी तरी एक थेंब जिभेला लाव, सख्खा भाऊ होता. आई बोलत नाही, नुसती बघते. दादाचा कॅरमचा स्ट्रायकर मी खिशात घेऊन फिरतो. खरं सांगू? त्याची आठवण आली की मला प्यावीशी वाटते. मी कसला भाऊ?*

तुझ्या शेवटच्या ओळीपासून सुरुवात करते. तिथेच तू स्वतःला सगळ्यात जोरात मारलं आहेस.

वीस वर्षं तुम्ही दोघं एकमेकांशी बोललात ते मध्ये बाटली ठेवून. आनंद झाला तेव्हा ती होती, घरात भांडण झालं तेव्हाही तीच होती. दादा म्हटलं की तुला तोच वास, तीच गच्ची, तेच कागदातले चणे आठवणार. मग घसा कोरडा पडणारच. यात तुझं भावावरचं प्रेम खोटं ठरत नाही. तुझ्या शरीराला दादाकडे जायचा एकच रस्ता ठाऊक आहे, एवढंच.

आणखी एक. दादा गेल्यावरचे तीन महिने तू नशेत होतास. दहावा झाला, तेरावा झाला, लोक येऊन भेटून गेले, पण त्या सगळ्यात तू नव्हतासच. तुझं खरं सुतक केंद्रातून बाहेर पडल्यावर सुरू झालं. चाळीच्या हिशेबात वर्ष उलटलं, आता याने सावरायला हवं. आणि तुला तर आत्ता कुठे रडू फुटतंय. कोणी म्हणालं, "अजून काय घेऊन बसलायस," तर मान खाली घालू नकोस. तुझे दिवस वेगळे मोजायचे आहेत.

आता क्वार्टर. माझं उत्तर नाही असं आहे. पानावर नाही, पानाबाजूला नाही, गॅलरीतल्या कोपऱ्यातही नाही.

काकांच्या श्रद्धेशी मला भांडायचं नाही. गेलेल्या माणसाला त्याच्या आवडीचं दाखवायचं, ही आपल्याकडची जुनी माया आहे. पण ती बाटली आणायला दुकानात कोण जाणार, याचा विचार कर. चाळीत अशा कामाला पोरालाच पिटाळतात. म्हणजे बापाच्या वर्षश्राद्धाला तुझा पुतण्या क्वार्टर घेऊन जिना चढणार. आणि कावळा शिवल्यावर ती बाटली कोणी मोरीत ओतत नाही. संध्याकाळी गच्चीवर "दादाचा प्रसाद" म्हणून ती फिरते.

जिभेवरच्या थेंबाचं तर नावही काढू देऊ नकोस. अँटाब्यूज, म्हणजे डायसल्फिरम, पोटात असताना थोडी दारू गेली तरी चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब खाली येतो, कधी जिवावर बेतू शकतं. "श्राद्धापुरती दोन दिवस गोळी बंद ठेव" असंही कोणी सुचवेल. गोळी थांबवल्यावरही तिचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. खोकल्याच्या काही औषधांतही अल्कोहोल असतं, तेव्हा केमिस्टला गोळीचं सांगत जा. (हे वाचणाऱ्या घरच्यांना हात जोडून सांगते: ही गोळी पिणाऱ्याच्या नकळत डाळीत, भाजीत कालवू नका. सुटावी म्हणूनच करता, हे मला कळतं. पण तो माणूस नंतर बाहेर जाऊन पितो आणि त्याला आपल्याला काय होतंय ते समजतही नाही.)

काकांना आयत्या वेळी, चार लोकांसमोर नाही म्हणू नकोस. आठवडाभर आधी त्यांच्या खोलीवर जा. खाली बसून सांग, "काका, पाणी ठेवू, वडे ठेवू, काळ्या वाटाण्याचं सांबारं ठेवू. ज्यानं दादा गेला, ते मी त्याच्या पुढ्यात ठेवणार नाही." ते चिडतील. चिडू देत, त्यांचाही पुतण्या गेलाय. जाताना एकटा जाऊ नकोस. ज्या दोघांनी तुला उचलून केंद्रात नेलं, त्यांना सोबत घे. चाळ सगळं बघते, त्याचा तुला जाच होतो, हे मला समजतं. मीही गिरणगावातच वाढले. कोणाच्या घरी किती वाजता दार वाजलं, हे अख्ख्या मजल्याला कळतं. पण दाराआड काय चाललंय ते दिसलं, म्हणूनच त्या दोघांनी तुला उचललं. बंद फ्लॅटमध्ये असतास तर कोणाला कळलं असतं?

आता त्या रात्रीकडे येते.

तू आणून दिलीस, हे खरं आहे. "तुझी काही चूक नाही" असं म्हणून मी ते पुसणार नाही. तुझा त्यावर विश्वासही बसणार नाही. पण त्या रात्रीचं पूर्ण चित्र बघ. दारूने लिव्हर कडक होत गेलं की अन्ननलिकेतल्या शिरांवर दाब वाढतो, त्या फुगतात आणि एखाद्या दिवशी फुटतात. रक्ताची उलटी बहुतेक वेळा त्यातूनच होते. त्याची तयारी वर्षानुवर्षं चाललेली असते, एका क्वार्टरने ती होत नाही. दुसरी बाजू अशी की रोज पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, तेही जीवघेणं असतं. थरथरणारे हात ही त्याचीच सुरुवात. त्या रात्री बरोबर गोष्ट एकच होती, त्याला टॅक्सीत घालून इस्पितळात नेणं. पण तू स्वतः प्यायलेला होतास आणि ते तुला माहीतही नव्हतं. दोन आजारी भावांपैकी एकाने दुसऱ्याला तेवढंच दिलं, जेवढं त्याच्या हातात होतं.

हे वाचून मन हलकं होणार नाही. त्यासाठी ते तोंडाने बोलावं लागेल. ए.ए.च्या बारा पायऱ्यांतली पाचवी पायरी हेच सांगते: आपल्या चुका दुसऱ्या माणसासमोर मोकळेपणाने कबूल करायच्या. तुझा स्पॉन्सर, म्हणजे ए.ए.मधला तुला सांभाळून घेणारा जुना सोबती, असेल तर त्याला गाठ, श्राद्धाच्या आधी. वहिनीला आणि आईला आत्ता सांगू नकोस. नववी पायरीही बजावते की ज्या भरपाईने समोरच्याला इजा होईल ती करायची नाही. वहिनीला सांगायची वेळ येईल, पण ती तुझं ओझं उतरवण्यासाठी नसावी. तिला ऐकायचं असेल तेव्हाच सांग.

आई नुसती बघते, यातून तू "तू का राहिलास" असं वाचतोस. मला त्यात दुसरंच दिसतं. एक मुलगा गेला, दुसरा रोज संध्याकाळी घराबाहेर पडतो आणि परत येईपर्यंत तिच्या जिवात जीव नसतो. मीटिंगला निघताना तिला सांगून जा, कुठे जातोयस, किती वाजता येशील. आणि त्याच वेळेला ये. पिणारा मुलगा वेळ पाळत नाही, हे तिला वीस वर्षांत पाठ झालंय.

त्या दिवशीचं आत्ताच ठरव. सकाळी विधी होतील, दुपारी पंगत होईल. संध्याकाळी मित्र गच्चीवर जातील, ती वेळ अवघड आहे. तेव्हा तू मीटिंगमध्ये असायला हवं. १९३५ साली अ‍ॅक्रन शहरात बिल विल्सन नावाचा माणूस, दारू सोडून थोडेच महिने झालेले, हॉटेलच्या लॉबीत उभा होता. धंद्याची बोलणी फिसकटली होती आणि समोर बार होता. तो फोनकडे गेला आणि शहरात दुसरा कोणी पिणारा आहे का, ज्याच्याशी बोलता येईल, हे शोधत राहिला. ए.ए.ची सुरुवात त्यातून झाली. तुला शोधायची गरज नाही, नंबर तुझ्याकडे आहेत. रात्री कोणी उचललंच नाही तर टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ लाव, मराठीत बोलता येतं. व्यसनासाठी सरकारी हेल्पलाइन १४४४६.

मीटिंगहून आल्यावर गॅलरीत कॅरम मांड. पुतण्याला बोलव. स्ट्रायकर खिशातून काढून त्याच्या हातात दे आणि दादा कसा मारायचा ते त्याला दाखव. तो खेळायला लागला की मला कळव.

— मावशी