भाऊ चाकणला पॉवर प्रेसवर लागला आहे. बोटं जाण्याचे अपघात कशामुळे होतात, आणि काय काळजी घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की धाकटा भाऊ हेल्पर म्हणून लागला, आठवड्याभरातच त्याला प्रेसवर बसवलं आणि "लक्ष देऊन काम कर, काही होत नाही" एवढंच सांगितलं. हे वाक्य आधी मनातून काढून टाका. एका पाळीत तोच पत्रा दोन-तीन हजार वेळा डायमध्ये (पत्र्याला आकार देणाऱ्या साच्यात) ठेवायचा आणि काढायचा असतो. तेवढ्या वेळा कुणाचंच लक्ष टिकत नाही. हात डायमध्ये घालावाच लागत असेल तर दोष कामाच्या मांडणीत आहे, मुलात नाही.

त्याला पहिल्यांदा क्लच कोणता आहे ते बघायला सांगा, म्हणजे मोटरची ताकद रॅमला (डायवर खाली येऊन दाबणाऱ्या भागाला) जोडणारा भाग. जुन्या सी-फ्रेम प्रेसला बहुधा चावीचा क्लच असतो. पेडल दाबलं की चावी फ्लायव्हीलमध्ये (सतत फिरणाऱ्या जड चाकात) अडकते आणि रॅम पूर्ण फेरा करूनच वर थांबतो. मध्येच पाय उचला, मोटर बंद करा, तो थांबत नाही. न्यूमॅटिक क्लचच्या प्रेसला हवेची लाइन असते, दर स्ट्रोकला फस्स आवाज येतो आणि रॅम अर्ध्यावर थांबवता येतो. सगळी सुरक्षा या फरकावर ठरते.

चावीच्या प्रेसवर लाइट कर्टन (हात आड आला की प्रेस थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा) लावून उपयोग नाही, कारण सेन्सरने हात बघितला तरी रॅम थांबणारच नाही. दोन्ही हातांनी एकदम दाबायच्या बटणांचंही तसंच: बटण सोडून हात डायपर्यंत पोचायच्या आत रॅम खाली यायला हवा. हात सेकंदाला १.६ मीटर जातो असं धरून हिशेब करतात. मिनिटाला ६० फेऱ्यांच्या प्रेसवर चावी अडकायची जागा एकच असेल, तर बटण दाबल्यापासून रॅम खाली टेकेपर्यंत दीड सेकंदही जाऊ शकतो. म्हणजे बटणं डायपासून २.४ मीटर लांब हवीत! एवढ्या लांब ती कुणी बसवत नाही. म्हणून चावीच्या प्रेसला एकच खरा उपाय: डायला चारही बाजूंनी पक्का गार्ड, पत्रा सरकवायला फक्त ६ मिमीची फट, आणि माल बाहेर काढायला हवा किंवा घसरण. चिमटा किंवा मॅग्नेट वापरायला हरकत नाही, पण तो गार्डच्या जागी चालत नाही.

न्यूमॅटिक प्रेसवर लाइट कर्टन चालतो, पण अंतर पाळलं तरच. रॅम थांबायला ०.२ सेकंद लागत असेल आणि बारीक बीमचा कर्टन असेल, तर तो डायपासून निदान ४०० मिमी पुढे हवा. ब्रेक झिजला की थांबायला वेळ जास्त लागतो आणि तेच अंतर अपुरं पडतं. प्रॉडक्शन अडतं म्हणून सेन्सर बायपास केलेला दिसला, तर त्या प्रेसवर हात घालायचा नाही.

सगळ्यात घात करतो तो डबल स्ट्रोक. चावीची स्प्रिंग तुटली किंवा ब्रेकच्या पट्ट्यावर तेल गेलं की रॅम वर न थांबता, पेडल न दाबता पुन्हा खाली येतो. नेमका तेव्हा हात तयार माल उचलत असतो. बऱ्याचदा आधी खुणा दिसतात: रॅम वर थांबताना थोडा पुढे सरकतो, चावीत खटखट होते. तेवढं दिसलं की प्रेस बंद करायचा आणि मेंटेनन्सला सांगायचं. पेडलला वरून आणि बाजूंनी कव्हर हवं, नाहीतर त्यावर स्क्रॅप पडूनही स्ट्रोक बसतो. मोटर बंद केल्यावरही फ्लायव्हील बराच वेळ फिरत राहतं. डाय सेट करताना किंवा अडकलेला पीस काढताना ते पूर्ण थांबू द्यायचं, मेन स्विचला कुलूप लावायचं आणि रॅमखाली सेफ्टी ब्लॉक ठेवायचा.

देव न करो, पण बोट तुटलंच तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात उंच धरा, अंगठी लगेच काढा. हळद, कॉफी, ऑइल काही लावू नका. तुटलेला भाग हलका धुऊन, ओल्या स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फ-पाण्याच्या दुसऱ्या पिशवीत ठेवा. बोटाला थेट बर्फ लागला तर पेशी मरतात. कातडीला लोंबत असेल तर कापू नका. चिरडलेला तुकडाही सोबत न्या, त्याची कातडी कामी येऊ शकते. खायला-प्यायला देऊ नका, भूल द्यावी लागते. प्लास्टिक सर्जन आहे का, हे फोनवर विचारूनच दवाखाना ठरवा.

केसपेपरवर "प्रेसवर काम करताना" असंच लिहून घ्या. "घरी पडला" असं लिहायला सांगतील, ऐकू नका, नाहीतर ईएसआयचा (कामगारांच्या सरकारी विमा योजनेचा) हक्क अडकतो. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल तर ईएसआय लागू होतो, ठेकेदाराच्या माणसालाही, आणि कामावरच्या दुखापतीसाठी पहिल्या दिवसापासून. उपचाराच्या काळात पगाराच्या ९० टक्के मिळतात. कायमच्या नुकसानीसाठी पूर्ण अंगठा ३० टक्के, पूर्ण तर्जनी १४ टक्के असं कोष्टक आहे आणि त्या हिशेबाने दरमहा पैसे जन्मभर मिळतात. म्हणून भावाला आजच त्याचा ईएसआय नंबर मागायला सांगा. अनेक ठिकाणी तो अपघात झाल्यावरच काढायला घेतात.