वाचकांचे प्रश्न : गाण्यांच्या संग्रहासाठी विकतचे सॉफ्टवेअर घ्यावे का?

प्रश्न : मी नाशिकला गंगापूर रोड परिसरात राहतो. निवृत्तीनंतरच्या दोन वर्षांत घरातल्या सुमारे 400 सीडी आणि वडिलांनी खासगी बैठकींमध्ये ध्वनिमुद्रित केलेल्या साठेक कॅसेट मी संगणकावर उतरवून घेतल्या. बहुतेक फायली वेव्ह प्रकारच्या आहेत. शास्त्रीय गायन अधिक, थोडे नाट्यसंगीत, थोडी भावगीते. अडचण अशी की हवे ते सापडत नाही. ‘भीमपलास’ शोधला तर दोन फायली दिसतात. प्रत्यक्षात वीस तरी असाव्यात. मुलगा म्हणतो की वर्गणी भरून ‘रून’ हे गाण्यांचा संग्रह सांभाळणारे सॉफ्टवेअर घ्या, सगळे आपोआप लागेल. एवढा खर्च करावा का?

उत्तर : आपल्या पत्रातल्या भीमपलासाच्या वाक्यातच निम्मे उत्तर आले आहे. हे सॉफ्टवेअर स्वर ऐकून राग ओळखत नाही. फाइलला जोडलेल्या टॅगमध्ये, म्हणजे गायक, अल्बम वगैरे माहितीच्या नोंदीत, किंवा फाइलच्या नावात कोणीतरी जे लिहिले असेल तेवढेच ते शोधते. 1840 पासून चालत आलेल्या आपल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात नवे पुस्तक आले की आधी त्याची नोंद होते आणि मग ते कपाटात जाते. आपण कपाटे आधी भरलीत आणि नोंदी राहून गेल्या. महागडे कपाट आणल्याने ही उणीव भरून निघणार नाही.

वर्गणीच्या बदल्यात काय मिळते ते पाहू. रूनचा दर महिन्याला सुमारे 15 डॉलर आहे, वर्षाचे एकदम भरल्यास थोडा कमी, म्हणजे आपल्या रुपयांत वर्षाला दहा हजारांच्या वर. शिवाय त्यासाठी घरात एक संगणक ऐकण्याच्या वेळी तरी सतत चालू ठेवावा लागतो. तो आपल्या फायली मोठ्या माहितीकोशाशी ताडून पाहतो, अल्बमचे मुखपृष्ठ, कलाकाराचा परिचय, साथीदारांची नावे आणून लावतो आणि घरातल्या निरनिराळ्या खोल्यांतल्या यंत्रांवर गाणे पोहोचवतो. पाश्चात्त्य अभिजात संगीताचा किंवा जॅझचा मोठा संग्रह असणाऱ्याला यातून खरोखर आनंद मिळतो आणि त्याने पैसे मोजले तर मी त्याला वेड्यात काढणार नाही.

आपला संग्रह मात्र त्या चौकटीत नीट बसत नाही. त्या कोशांच्या मांडणीत संगीतकार आणि त्याची रचना केंद्रस्थानी असते. आपल्याला हवा असतो राग, ताल, बंदिशीचे बोल, तबल्यावर कोण आणि पेटीवर कोण. बाजारातल्या सीडींचीही ही माहिती तिथे तुटक असते, आणि राग सापडला तरी गाण्याच्या शीर्षकात कोंबलेला सापडतो. नावांचा घोळ तर विचारूच नका. ‘भीमसेन जोशी’, ‘पं. भीमसेन जोशी’, ‘पंडित भीमसेन जोशी’ आणि रोमन लिपीतले तेच नाव हे संगणकाच्या लेखी चार गायक असतात. नाशिककरांना जवळचे उदाहरण पलुस्करांचे. गांधर्व महाविद्यालयाचे संस्थापक वि. दि. आणि नाशिकला जन्मलेले त्यांचे चिरंजीव द. वि. यांची आद्याक्षरे रोमन लिपीत नुसती उलटसुलट होतात, आणि मुलाचे गाणे वडिलांच्या नावावर गेले तर ते आपल्यासारख्या जाणकारालाच कळणार. आपल्या साठ कॅसेटींविषयी तर कोणत्याही कोशात एक ओळही असणार नाही, कारण त्या बैठकी आपल्या वडिलांखेरीज कोणी नोंदवल्याच नाहीत.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की आज वर्गणी भरू नये. आधी वेव्ह फायली फ्लॅक या आवाज न बिघडवता जागा वाचवणाऱ्या प्रकारात बदलून घ्याव्यात. तासाभराच्या सीडीला वेव्हमध्ये सहाशेहून अधिक एमबी लागतात. फ्लॅकमध्ये साधारण निम्म्या जागेत काम भागते, आवाजात तसूभरही फरक पडत नाही आणि मुख्य म्हणजे फ्लॅकमध्ये टॅग नीट लिहिता येतात, जे वेव्हच्या बाबतीत भरवशाचे नसते. त्यानंतर विंडोजवर विनामूल्य मिळणारे एमपीथ्रीटॅग हे टॅग लिहिण्याचे सॉफ्टवेअर उघडून ‘राग’, ‘ताल’, ‘साथ’ असे आपलेच रकाने तयार करावेत. फ्लॅकमध्ये रकान्याला कोणतेही नाव देता येते, मात्र ते नाव रोमन अक्षरांत ठेवावे लागते, आत मजकूर खुशाल देवनागरीत लिहावा. नावांचे एकच रूप ठरवून वहीत लिहून ठेवावे आणि मग त्यापासून ढळू नये. भावगीतांसाठी गायक, गीतकार आणि संगीतकार हे तीन रकाने वेगळे हवेत. त्यांची सरमिसळ झाली की पुढे निस्तरताना जीव जातो, हे मी स्वानुभवाने सांगतो. रोज एक सीडी घेतली तरी वर्षभराहून थोडे अधिक लागेल, परंतु कॅसेटींपासून सुरुवात करावी, कारण कोणत्या बैठकीला कोण साथीला होते हे सांगू शकणारी माणसे दिवसेंदिवस कमी होत आहेत.

ऐकण्यासाठी म्युझिकबी किंवा फूबार2000 पुरेसे आहे. दोन्ही विनामूल्य आहेत, दोन्हींमध्ये आपले रकाने दाखवता येतात, आणि आलाप संपून जोड सुरू होताना सीडीवर दोन ट्रॅक असले तरी मध्ये खंड पडत नाही. विकतच्या सॉफ्टवेअरने आवाज सुधारतो, असे दुकानदार सांगतात. फाइलमधले आकडे जसेच्या तसे बाहेर पाठवणे एवढेच त्याचे काम, आणि योग्य जोडणी केल्यास ते फुकटचे सॉफ्टवेअरही करते; त्या पैशांत बरे स्पीकर येतील.

टॅगचे काम पुरे झाल्यावरही दोन-तीन खोल्यांत ऐकण्याची सोय हवीशी वाटली, तर रून 14 दिवस विनामूल्य वापरून पाहता येते. वर्गणी नकोच असेल तर जेरिव्हर मीडिया सेंटर एकदाच पैसे भरून घेता येते आणि त्यात स्वतःचे रकानेही करता येतात. काहीही घेतले तरी एक गोष्ट तपासावी : आपण केलेली नोंद फाइलच्या आत लिहिली जाते, की त्या सॉफ्टवेअरच्या खासगी कोठारात राहते? दुसऱ्या प्रकारात वर्गणी थांबली की मेहनतही तिथेच अडकते.

संपूर्ण संग्रहाची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन ती दुसऱ्याच्या घरी ठेवावी. ते घर गोदाकाठचे मात्र नसावे. ज्याच्यावरून नाशिककर गोदावरीचा पूर मोजतात त्या दुतोंड्या मारुतीच्या गळ्याला पाणी लागल्यावर डिस्क आठवून उपयोग नाही.

प्रश्न : मी सिडकोत गायनाचे वर्ग घेते. विद्यार्थ्यांच्या रियाजाची शेकडो ध्वनिमुद्रणे फोनमध्ये साठली आहेत. असे सॉफ्टवेअर मला उपयोगी पडेल का?

उत्तर : नाही. आपल्याला अल्बम नाहीत, मुखपृष्ठे नाहीत, परिचय नकोत. फाइलच्या नावातच आधी वर्ष, महिना, दिवस, मग विद्यार्थ्याचे नाव आणि राग एवढे लिहावे आणि प्रत्येक विद्यार्थ्याचा एक फोल्डर करावा. तारीख या क्रमाने लिहिली की फायली आपोआप कालक्रमाने लागतात, आणि मुलीचा यमन जूनमध्ये कसा होता व दिवाळीत कसा झाला हे तिला शेजारी शेजारी ऐकवता येते.