स्टुडिओ सगळ्यांचा, टेबल कोणाचं?

या वेळचे प्रश्न डिझाइन आणि आर्किटेक्चर कॉलेजांतल्या सामाईक स्टुडिओबद्दल आहेत. उत्तरं देणाऱ्यांत स्टुडिओ शिकवणारे आहेत आणि वर्कशॉप सांभाळणारेही. दोघांचं जिथं जमलं नाही, तिथं वर्कशॉपवाल्यांचं ऐकलं आहे.

सकाळी पहिलं वर्ष आणि दुपारी आम्ही, टेबलं तीच. रोज येऊन पाहावं तर फेविकॉलचे डाग, कटरच्या रेघा आणि आमची अर्धवट मॉडेलं कुठंतरी कोपऱ्यात. भांडून झालं. आता काय करावं?
— तृतीय वर्ष, इंटिरिअर डिझाइन, नाशिक

भांडण्याआधी टेबल मोजा. स्टुडिओतलं टेबल 1200 × 600 मिमी असेल, तर त्यावर ए-वन शीट (841 × 594 मिमी) आडवी पसरल्यावर पुढं-मागं मिळून 6 मिमी उरतात आणि बाजूला 359 मिमी. पंधरा इंची लॅपटॉप साधारण 360 मिमी रुंद असतो. म्हणजे शीट आणि लॅपटॉप ठेवला की टेबल संपलं. कटर, फेविकॉल आणि चहा मग शीटवरच येतात. पहिल्या वर्षाचा वांडपणा असेलही, पण मूळ दोष एकाच टेबलावर ड्रॉइंग आणि कटिंग दोन्ही करण्याचा आहे.

तीस-चाळीस जणांच्या स्टुडिओत दोन-तीन टेबलं फक्त कटिंगसाठी राखून ठेवा. त्यांच्यावर 6 मिमी एमडीएफचा (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचा) तुकडा दुहेरी टेपनं बसवा आणि दर सत्राला बदला. तो खराब होण्यासाठीच आहे. ड्रॉइंगच्या टेबलावर कटर चालवायचाच नाही. त्या रेघा नुसत्या दिसायला वाईट नसतात. ट्रेसिंग पेपरखाली चर आली की पेन्सिलचं टोक त्यात घुसून कागद फाटतो. शिवाय त्याच जागी पुन्हा कटर चालवला, तर पातं जुन्या चरीत ओढलं जातं आणि पट्टीपासून सुटतं. बोटं कापतात ती बहुधा अशी. कटिंग मॅट असेल तर ती खिडकीच्या उन्हात ठेवू नका आणि तिच्यावर ग्लूगन टेकवू नका. एकदा वाकडी झालेली मॅट सरळ होत नाही.

माउंटबोर्ड, म्हणजे मॉडेलं-शीटांसाठीचा जाड पुठ्ठा, एका दाबात कापू पाहणाऱ्याचं पातं हमखास बोथट असतं. हलक्या हातानं तीन-चार वेळा फिरवा आणि टोक गेलं की पकडीनं पात्याचा एक तुकडा मोडा. मोडलेले तुकडे कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. मावशी पिशवी बांधताना कचरा हातानं दाबतात. झाकणाला चीर पाडलेला पत्र्याचा डबा कटिंगच्या टेबलाला स्क्रूनं बसवा, म्हणजे तो कुणी पेनस्टँड म्हणून नेणार नाही.

फेविकॉल पांढरा असेतोवर ओल्या फडक्यानं निघतो. पारदर्शक झाला असेल, तर कोमट पाण्याचं फडकं दहा मिनिटं ठेवून स्टीलच्या पट्टीनं खरवडा.

मॉडेलं हरवण्याचं कारण वेगळं आहे. अर्धवट मॉडेल आणि टाकलेलं मॉडेल बाहेरून सारखंच दिसतं. प्रत्येक मॉडेलवर वर्ष, विषय आणि "या तारखेपर्यंत ठेवा" एवढी चिठ्ठी लावा. तारीख उलटली की कुणीही उचलावं, कुणाला विचारू नये. चिठ्ठी नसलेल्यांसाठी एक फळी आणि आठवड्याची मुदत. दोन्ही वर्षांच्या प्रतिनिधींनी हे एकदा ठरवून सही केलं, तर निम्मी कटकट मिटते. उरलेली निम्मी, तास संपायच्या दहा मिनिटं आधी आवरायला घेतल्यानं.

वर्कशॉपच्या मामांनी सनबोर्ड लेझरवर घ्यायला साफ नकार दिला. मशीन 80 वॉटचं आहे, कापत कसं नाही?
— द्वितीय वर्ष, पुणे

कापेल की, अडचण तीच आहे. आपल्याकडे दुकानात सनबोर्ड म्हणून जे मिळतं, ते बहुतेक वेळा पीव्हीसीचं फोमशीट असतं. पीव्हीसीत क्लोरीन असतो. लेझरच्या उष्णतेनं त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो आणि हवेतल्या ओलाव्याशी मिळून त्याचं आम्ल होतं. ते छातीत जातं आणि मशीनच्या रुळांवर, बेअरिंगवर, आरशांवरही बसतं. गंज दिसायला काही दिवस लागतात, तोवर ते काम कुणी लावलं हे कुणालाच आठवत नाही. मामांचा नकार त्यासाठी आहे. रेक्झिन आणि व्हिनाइल स्टिकरचं शीटही याच कारणासाठी नको.

फोमकोअर, म्हणजे दोन कागदांमधलं पॉलिस्टायरीन, वितळतं आणि पेट घेतं. पॉलिकार्बोनेट तपकिरी पडतं. ॲक्रिलिक, एमडीएफ, माउंटबोर्ड, कागद, सुती कापड चालतं. मात्र ॲक्रिलिकवर छोटी ज्योत कधीही उठू शकते, म्हणून मशीन चालू असताना जागा सोडायची नाही.

शीट नक्की कशाचं आहे हे दुकानदाराला सांगता येत नसेल, तर ते लेझरवर ठेवूच नका. तांब्याची तार लाल तापवून प्लास्टिकला टेकवायची आणि पुन्हा ज्योतीत धरायची. हिरवी ज्योत आली तर क्लोरीन आहे असं समजायचं. ही चाचणी मामांनी उघड्यावर करावी, तुम्ही स्टुडिओत लायटर घेऊन नाही. 3 मिमी सनबोर्ड हातानं, धारदार कटरनं दोन-तीन फेऱ्यांत स्वच्छ कापला जातो.

आता लेझरच्या रांगेबद्दल, कारण पुढचा प्रश्न तोच असणार. तुमची फाइल वेळ खाते ती बहुतेक वेळा रेषेवर रेष असल्यामुळं. शेजारी ठेवलेल्या दोन चौकोनांची मधली रेष दोनदा असते आणि लेझर ती दोनदा जाळतो. ऑटोकॅडमध्ये ओव्हरकिल ही एकावर एक आलेल्या रेषा काढून टाकणारी कमांड एकदा चालवा. आतली भोकं आधी आणि बाहेरची कड शेवटी कापायचा क्रम लावा. कड आधी सुटली तर तुकडा हलतो आणि भोक सरकतं.

खाचेत खाच बसवायची असेल तर पाकिटावरच्या "3 मिमी"वर जाऊ नका, व्हर्नियरनं (जाडी मोजायच्या सरकत्या मापानं) मोजा. एमडीएफ बऱ्याचदा 2.7 ते 2.9 भरतं. लेझर स्वतः थोडं साहित्य खातो, साधारण 0.1 ते 0.2 मिमी. जाडी 2.8 आणि लेझर 0.2 खात असेल, तर खाच 2.6 ची काढा. कापल्यावर ती 2.8 होते. आधी 30 मिमीच्या तुकड्यावर 2.5, 2.6, 2.7 अशा तीन खाचा कापून पाहा. हा तुकडा नाव घालून मशीनशेजारी टांगून ठेवलात, तर त्याच गठ्ठ्यातलं एमडीएफ वापरणाऱ्या पुढच्या दहा जणांचं काम वाचेल.

ज्युरीच्या (परीक्षकांपुढं काम मांडायच्या दिवसाच्या) आदल्या रात्री स्टुडिओत स्प्रेपेंटचा इतका वास भरतो की डोकं धरतं. एसी चालू असतो, तरी जात नाही.
— मुंबई

स्प्लिट एसी खोलीतलीच हवा थंड करून पुन्हा खोलीत सोडतो, बाहेरची ताजी हवा आणत नाही. एसीसाठी खिडक्या बंद केल्या की सॉल्व्हंट आतच फिरत राहतं. स्प्रेपेंट आणि स्प्रेगम दोन्ही गच्चीवर किंवा उघड्या पॅसेजमध्ये, एका बाजूनं उघड्या खोक्यात आणि आसपास कुणी सिगारेट पेटवत नसताना. डबा 200 ते 300 मिमी लांब धरून पातळ तीन हात द्या. जाड एक हात ओघळतो. पाऊस चालू असताना लॅकर मारू नका. सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतलं बाष्प त्यावर बसतं आणि रंग दुधाळ पडतो. थर्माकोलवर थेट स्प्रे मारलात तर थर्माकोल विरघळेल. आधी फेविकॉलचा एक हात द्या आणि पूर्ण वाळू द्या.

वासाच्या निमित्तानं एक न विचारलेलं. ॲक्रिलिक जोडायला क्लोरोफॉर्म सर्रास वापरतात. तो पाण्यासारखा दिसतो आणि स्टुडिओत पाण्याच्या बाटलीत ठेवलेला आढळतो. यात तडजोड नको. मूळ काचेची बाटली, ठळक लेबल, कुलूपबंद कपाट, आणि काम उघड्या हवेत. जोडताना दोन्ही कडा कोरड्याच टेकवून धरायच्या आणि सिरिंजच्या सुईनं सांध्यावर एक थेंब सोडायचा. तो फटीत आपोआप ओढला जातो. कापडी मास्क या वाफेला अडवत नाही, कार्बनची काडतुसं असलेला लागतो.

पावसाळ्यात माउंटबोर्डवर शीट चिकटवली की सकाळी बोर्ड पापडासारखा वळलेला असतो. वजन ठेवूनही.
— प्रथम वर्ष, रत्नागिरी

फेविकॉलमधलं पाणी शीटचे तंतू फुगवतं. वाळताना ते आक्रसतात आणि बोर्डाला आपल्याकडे ओढतात, म्हणून बोर्ड नेहमी शीटच्या बाजूला वळतो. ओढ दोन्ही बाजूंनी सारखी झाली की बोर्ड सरळ राहतो. मागच्या बाजूला त्याच जाडीचा कागद, त्याच गोंदानं, त्याच बैठकीत लावा. मागं उद्या लावू म्हणालात तर उपयोग नाही.

दोन्ही कागदांच्या तंतूंची दिशाही एकच हवी. ती ओळखायला कागदाचा छोटा चौकोन कापा, एका बाजूनं ओल्या बोटानं पुसा आणि थांबा. तो नळीसारखा गुंडाळतो. नळी ज्या दिशेला लांब, तीच तंतूंची दिशा.

दाब रात्रभर हवा, मध्ये बटर पेपर आणि वर सपाट प्लाय. नुसती पुस्तकं ठेवली की त्यांच्या कडा उमटतात. सामाईक स्टुडिओत वजन रात्रीतून दुसराच कुणीतरी उचलतो, म्हणून प्लायवर "सकाळी 9 पर्यंत हलवू नका" असं मार्करनं लिहा. तयार बोर्ड भिंतीला टेकवून उभे ठेवू नका, आडवे ठेवा, आणि कोकणात तरी जमिनीपासून फूटभर वर. घाई असेल तर दुहेरी टेप किंवा स्प्रेगम वापरा, त्यांत पाणी नसतं.

एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा स्विच) सबमिशनच्या रात्रीच का पडतो? सर म्हणतात लॅपटॉप कमी लावा.
— छत्रपती संभाजीनगर

लॅपटॉपचा दोष कमी आहे. 65 वॉटचे वीस चार्जर मिळून 1300 वॉट, म्हणजे 230 व्होल्टवर 6 अँपिअरच्या आत. 1800 वॉटची एकटी हीटगन जवळपास 8 अँपिअर घेते आणि 1500 वॉटची किटली साडेसहा. दोन्ही छोट्या, 6 अँपिअरच्या सॉकेटच्या बाहेरच्या गोष्टी आहेत. त्यांना 16 चं सॉकेट द्या आणि एका सर्किटवर दोन्ही लावू नका. एक्स्टेन्शनला एक्स्टेन्शन जोडलं की सगळा भार पहिल्याच्या वायरवर येतो. ती वायर टेबलाखाली गुंडाळलेली असेल तर तापते, म्हणून पूर्ण उलगडा. इलेक्ट्रिशियनला मोठा एमसीबी बसवायला मात्र सांगू नका. भिंतीतली वायर तीच राहते.

पीओपी (प्लास्टर ऑफ पॅरिस) धुतलेलं पाणी सिंकमध्ये ओतताना नळ मोठा सोडतो, तरी सिंक तुंबतं.
— प्रॉडक्ट डिझाइन, कोल्हापूर

पीओपी वाळून नव्हे, पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन घट्ट होतं. त्यामुळं पाइपात पाण्याखालीही ते दगड होतं. हात आणि भांडी बादलीत धुवा, बादली रात्रभर ठेवा, वरचं नितळ पाणी ओता आणि खालचा गाळ सुक्या कचऱ्यात टाका. भांडं रबराचं घेतलंत तर धुवायचीही गरज नाही, वाळल्यावर दाबलं की कवच सुटतं. मिसळताना पाण्यात पावडर चाळा, उलट नको: एक लिटरला साधारण 1.4 किलो. ती भिजू द्या, मिनिटभरानं ढवळा. खाली सांडलेली पावडर झाडूनं उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसा. आणि हाताचा साचा काढायला कुणी पीओपीत हात बुडवत असेल तर ताबडतोब थांबवा; घट्ट होताना ते इतकं तापतं की भाजतं, आणि तोवर हात बाहेर निघत नाही.