गाडीखालची जागा कोणाची?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या वेळी आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे पुण्यातील फुटपाथ, पार्किंग आणि बस यांविषयीची होती. त्यामुळे हे संपूर्ण पान त्याच विषयाला दिले आहे.

प्रश्न : माझे वय ७१ आहे. आमच्या रस्त्याला चांगला नवा फुटपाथ झाला आहे, तरी सकाळी दूध आणायला जाताना मी रस्त्याच्या कडेनेच चालतो, कारण सतत चढणे-उतरणे गुडघ्यांना झेपत नाही. सूनबाई म्हणतात, "बाबा, तुम्हीच नियम मोडता आणि मग वाहनचालकांवर चिडता." चूक कोणाची?
(ज्येष्ठ नागरिक, कोथरूड)

उत्तर : आपली नाही, आणि सूनबाईंचीही नाही. त्या बहुधा रोज स्कूटरवरून जात असाव्यात, आणि स्कूटरवरून फुटपाथ नेहमीच छान दिसतो. आपले पत्र वाचून मी घरातली शिवणाची मोजपट्टी घेतली आणि घरापासून बँकेपर्यंतच्या साधारण चारशे मीटरच्या फुटपाथवरून चालत गेलो. तेवढ्या अंतरात मला अकरा वेळा उतरावे आणि अकरा वेळा चढावे लागले. प्रत्येक सोसायटीच्या फाटकापाशी मोटार आत जाताना हिसका बसू नये म्हणून फुटपाथ कापून रस्त्याच्या पातळीला आणलेला आहे. मोटारीचा हिसका वाचावा म्हणून माणसाने पायऱ्या चढाव्यात, असा हा हिशेब आहे. एके ठिकाणी कडेची उंची अकरा इंच भरली. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या पादचारी सुविधांविषयीच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ती १५० मिलिमीटर, म्हणजे सहा इंचांच्या वर असू नये आणि चालण्यासाठी किमान १.८ मीटर रुंदी मोकळी हवी. आमच्याकडे विजेचा डीपी आणि गुलमोहराचे खोड यांच्यामध्ये उरलेली जागा दोन फुटांची आहे. तिथून मी आडवा होऊन गेलो आणि माझ्यामागून येणाऱ्या, बाबागाडी ढकलणाऱ्या बाई निमूटपणे रस्त्यावर उतरल्या.

दुचाकीस्वार फुटपाथवरून जाऊ नयेत म्हणून तोंडाशी जे खांब रोवलेले असतात, त्यांचीही गंमत अशी की चाकाची खुर्ची त्यांत अडकते आणि सराईत स्कूटरवाला मात्र हँडल तिरके करून आरामात निघून जातो.

महापालिकेला यातले काही ठाऊक नाही, असे म्हणायची सोय नाही. पादचाऱ्यांसाठीचे स्वतंत्र धोरण तिने २०१६ मध्येच स्वीकारले आहे आणि जंगली महाराज रस्त्यावर रुंद, सलग, बसायला बाक असलेला फुटपाथ करूनही दाखवला आहे. मे २०२५ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने चालण्याजोगा फुटपाथ मिळणे हा घटनेच्या एकविसाव्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. तेव्हा आपण खुशाल कडेने चाला. फक्त समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने चाला.

प्रश्न : मी मध्यवस्तीत कापडाचे दुकान चालवतो. अधूनमधून रस्त्यावरच्या पार्किंगला शुल्क लावण्याची टूम निघते. आम्ही मालमत्ता कर भरतो, गाडी घेताना रोड टॅक्स भरतो, मग पुन्हा पैसे कशाचे? आधीच गिऱ्हाईक ऑनलाइन खरेदीकडे चालले आहे. ते पुरते तोडायचे आहे काय?
(एक व्यापारी, पुणे)

उत्तर : आपला राग समजतो, पण हिशेब पटत नाही. वाहनावरचा कर राज्य सरकारच्या तिजोरीत जातो. तो महापालिकेला मिळत नाही, आणि गाडी दिवसभर एका जागी उभी करण्याचे भाडेही तो नव्हे. मालमत्ता कर महापालिकेला मिळतो हे खरे, पण तो ज्याच्याकडे एकही वाहन नाही असा आपला नोकरही घरभाड्यातून कुठेतरी भरतच असतो. एक मोटार उभी करायला साधारण पाच मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद, म्हणजे सुमारे १३५ चौरस फूट जागा लागते. आपल्या पेठेत दहा बाय बाराची खोली भाड्याने घ्यायला गेलात तर मालक किती सांगेल, हे मी आपल्याला सांगावे असे नाही. त्याहून मोठी जागा रस्त्यावर मात्र फुकट हवी, असा आपला आग्रह आहे.

ही काही माझ्या डोक्यातली टूम नाही. केंद्र सरकारच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणातच, पार्किंगचे शुल्क त्या जागेचे खरे मोल दाखवणारे असावे आणि रस्त्याची वाटणी वाहनांऐवजी माणसांचा विचार करून व्हावी, असे म्हटले आहे. पुण्यात मार्च २०१८ मध्ये पार्किंग धोरण महापालिकेच्या मुख्य सभेत आले, त्यावर मोठा गदारोळ झाला, आणि शेवटी प्रयोग म्हणून फक्त पाच रस्त्यांवर शुल्क घ्यायचे ठरले. पुढे तेही वर्षानुवर्षे कागदावरच राहिले. 

आता गिऱ्हाइकाविषयी. एखाद्या शनिवारी सकाळी दहा वाजता दुकान उघडताना समोरच्या गाड्या पाहून ठेवा आणि संध्याकाळी सहाला पुन्हा पाहा. माझा अनुभव असा की त्यांतल्या बऱ्याचशा गाड्या हललेल्या नसतात, कारण त्या दुकानदारांच्या आणि त्यांच्या माणसांच्याच असतात. तासाला वीस रुपये पडू लागले तर आपण आपली गाडी घरी ठेवाल आणि साडी घ्यायला आलेल्या बाईंना अर्ध्या तासासाठी ती जागा मिळेल. ११ डिसेंबरच्या पादचारी दिनाला लक्ष्मी रस्त्यावर वाहने बंद असतात, तेव्हा तिथे किती माणसे चालत येतात, तेही या वर्षी एकदा मोजा.

प्रश्न : पी-वन, पी-टू हा प्रकार नेमका काय आहे? मी नागपूरहून नवीनच आले आहे आणि पहिल्याच आठवड्यात माझी स्कूटर उचलून नेली.
(एक नोकरदार वाचक)

उत्तर : स्वागत आहे. रस्त्याची एक बाजू पी-वन आणि दुसरी पी-टू. तारीख सम की विषम हे पाहून त्या त्या बाजूला गाडी लावायची असते. कोणती बाजू कोणत्या तारखेची, ते फलकावर लिहिलेले असते. फलक झाडाच्या फांदीआड असल्यास फांदी बाजूला करून वाचावा. एकतीस तारखेनंतर एक तारीख येते आणि दोन्ही विषमच असतात, हे लक्षात ठेवा. त्या दिवशी जुने पुणेकरही चुकतात.

प्रश्न : १ जून २०२५ पासून पीएमपीचे, म्हणजे शहर बसचे भाडे वाढले. मासिक पास १,५०० रुपयांचा झाला. माझे ऑफिस घरापासून आठ किलोमीटरवर आहे. बस सोडून दुचाकी घ्यावी का?
(हडपसर)

उत्तर : कागदावर हिशेब केला. रोजचे सोळा किलोमीटर, लिटरला चाळीसचे सरासरी धरले तर दिवसाला ०.४ लिटर, म्हणजे आजच्या भावाने साधारण बेचाळीस रुपयांचे पेट्रोल. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर एक हजार पन्नास रुपये. हप्ता, विमा आणि टायर यांचा खर्च आपण मनातल्या मनात कधीच धरत नाही, म्हणून मीही धरला नाही. तेव्हा दुचाकी साडेचारशे रुपयांनी स्वस्त पडते, आणि आपल्याला बसनेच जा असे सांगणे खोटेपणाचे होईल. पण हा फरक दिवसाला अठरा रुपयांचा आहे. ऑफिसबाहेर दुचाकी लावायला रोज वीस रुपये पडत असते, तर बस जिंकली असती, आणि त्या वीस रुपयांतून बस वाढवता आल्या असत्या. म्हणजे आपल्याला बस महाग वाटते, ती नुसत्या भाडेवाढीमुळे वाटत नाही. गाडी उभी करणे फुकट असल्यामुळेही वाटते, आणि त्या फुकटाची किंमत थांब्यावर उभे असलेले लोक मोजतात.

आमच्या थांब्यासमोर रोज सकाळी दोन मोटारी लावलेल्या असतात. बस कडेला येऊच शकत नाही, ती रस्त्याच्या मधोमध थांबते, आणि शाळेची मुले व म्हातारी माणसे मोटारींमधल्या फटीतून, मागून येणाऱ्या रिक्षा चुकवत तिच्याकडे धावतात. आपण दुचाकी घ्याच. फक्त ती थांब्यापासून लांब लावा.