पोस्टर नंतर, आधी डब्यापाशी थांब

अगं, तुझं ओल्या-सुक्या कचऱ्याचं पोस्टर पाहिलं. रंग छान जमलेत, पण ते वाचणार कोण? डिझाइन थिंकिंगच्या, म्हणजे वापरणाऱ्याच्या गरजेपासून उपाय शोधायच्या पद्धतीच्या, पाच पायऱ्यांत समोरच्याला समजून घेणं पहिलं, कल्पना तिसऱ्या. तू थेट तिसरीवर गेलीस.

नेरुळला आमच्या सोसायटीत मीही 'कचरा वेगळा करा' असं ठळक छापलं होतं, खाली घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या सरकारी नियमांचा हवाला. कुणी ढुंकून पाहिलं नाही. मग दोन दिवस सकाळी जिन्यात थांबले. डबे बाहेर आणणाऱ्या बहुतेक घरकामाच्या ताई होत्या, आणि त्यांची अडचण वेगळीच होती: दुधाची पिशवी कुठे, चहाचा चोथा कुठे, रिमोटचे संपलेले सेल कुठे? नियम त्यांच्या काय कामाचा! मी पेनानेच तीन डबे काढले, खाली या वस्तूंची चित्रं, आणि कागद नोटीस बोर्डावर न लावता डब्यांच्या वर चिकटवला.

छापण्याआधी पाच जणांना दाखव. वापरातल्या बहुतेक अडचणी एवढ्यांतच उघड होतात, हे वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांनी २००० सालीच मांडलंय. मात्र 'आवडलं का?' असं विचारू नकोस. हातात अंड्याचं टरफल दे आणि गप्प बघत राहा. हात जिथे घुटमळेल, तिथलं चित्र बदल.