कूलर बंद कर, मग कॅमेरा लाव

बेटा,

आजोबांच्या मुलाखतीसाठी कोणता कॅमेरा घेऊ, असं विचारलंस. हातातला मोबाइल पुरे. पैसे घालायचेच तर सदऱ्याला लावायच्या वायरच्या माइकवर आणि हेडफोनवर घाल. चित्र जरा अंधारं निघालं तरी लोक बघतात. शब्द कळेनासे झाले की उठून जातात.

नागपूरच्या इंदोऱ्यातल्या एका आजींची मुलाखत मी मे महिन्यात घेतली होती. १४ ऑक्टोबर १९५६ला, बाबासाहेबांनी दीक्षा दिली त्या दिवशी, वडिलांच्या खांद्यावर बसून त्या मैदानावर गेल्या होत्या. घरात कूलर सुरू होता. एवढ्या उन्हात बंद करा म्हणायला माझी जीभ रेटेना. नंतर आवाज साफ करू, असं वाटलं. पण ती घरघर काढायला गेलं की बोलणं डब्यातून आल्यासारखं होतं. वडिलांबद्दल सांगताना आजींचा आवाज अगदी खाली आला होता, आणि नेमकं तेच ऐकू येत नाही. आता त्या नाहीत.

म्हणून सकाळी सातलाच जा. आधी कूलरने खोली गार करून घे, बोलणं सुरू होताना बंद कर. दर पंधरा मिनिटांनी थांब, कूलर लाव, आजोबांना पाणी दे. फ्रिजही बंद कर आणि तुझ्या गाडीची चावी फ्रिजमध्येच ठेव, म्हणजे परत सुरू केल्याशिवाय निघता येणार नाही. खोलीत आवाज घुमत असेल तर फरशीवर सतरंजी टाक, कॅमेऱ्यामागे गाद्या उभ्या कर. माइक हनुवटीखाली वीतभर. दुपट्टा त्याला घासत असेल तर हेडफोनमध्येच कळेल, म्हणून ते कानावरून काढू नको. शेवटी सगळ्यांना अर्धा मिनिट गप्प बसवून खोलीचा नुसता आवाज रेकॉर्ड कर. तुकडे जोडताना मधल्या फटी त्यानेच भरतात.

खिडकी पाठीशी नको, बाजूला हवी. थेट ऊन येत असेल तर पांढरी चादर लाव. दुसरा गाल काळा पडला तर त्या बाजूला थर्मोकोल धर. पिवळा बल्ब बंदच ठेव, नाहीतर अर्धा चेहरा निळा, अर्धा पिवळा दिसतो. ट्यूबलाइट लावावीच लागली तर शटर १/५० सेकंदावर ठेव. आपली वीज ५० हर्ट्झची, तिच्याशी न जुळणाऱ्या शटरला चित्रात पट्टे हलू शकतात. फोकस आणि एक्स्पोजर, म्हणजे चित्राचा उजेड, लॉक कर. मोबाइल आडवा, फ्लाइट मोडवर, आजोबांच्या डोळ्यांच्या उंचीला. ते खाटेवर बसले तर स्टँडही तेवढाच खाली घे आणि तू लेन्सला लागून बस.

उत्तर संपलं असं वाटलं तरी लगेच पुढचा प्रश्न टाकू नको. मनात पाचपर्यंत मोज. पुष्कळदा खरी गोष्ट त्यानंतरच निघते. आणि ते आपल्या नागपुरी बोलीत, ‘येत होते’ऐवजी ‘लोक येऊन राहिले होते’ म्हणाले तर तसंच राहू दे, सुधारून पुन्हा बोलायला लावू नको.

घरी आल्याबरोबर फाइल दोन ठिकाणी उतरवून ठेव. मला कापलेली पाठवू नको, अख्खी पाठव.